पाणी वाढत असताना मन ताळ्यावर कसं ठेवायचं?

शिरोळ तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमचं घर नदीकाठच्या गावात. २०१९ ला घरात पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आलं. आता जुलैत पावसाची झड लागली की माझी झोप उडते, छातीत धडधडतं. मालक म्हणतात, पॉझिटिव्ह विचार कर, काही होत नाही. सासूबाई घर सोडायला तयार नसतात. गोठ्यात दोन म्हशी, मुलगी चौथीत. अशा वेळी शांत आणि खंबीर कसं राहायचं? की हे गावच सोडावं?"

ताई, मी मानसोपचार विभागात समाजकार्यकर्ती आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या माणसांबरोबर निवारा केंद्रांत आणि पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरांत बरीच वर्षं काम केलं आहे. तुमच्यासारखा प्रश्न मला बायका नेहमी बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतात. जणू घाबरणं हा त्यांचा दोष आहे. म्हणून आधी तेवढं सांगते. दोनदा घरात पाणी शिरलेलं पाहिलेल्या माणसाला पावसाच्या आवाजाने जाग येणं यात दोष काहीच नाही. तुमच्या शरीराने तो आवाज आणि त्यानंतरची धावपळ एकत्र लक्षात ठेवली आहे. ते तुम्हाला उठवतं, कारण मागच्या दोन्ही वेळा उठायची गरज होती. ही धडधड पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. तिला काम द्या.

आता "पॉझिटिव्ह विचार कर" याबद्दल. तुमच्या मालकांचा हेतू चांगला आहे, तुम्हाला धीर द्यावा असंच त्यांना वाटतं. पण "काही होत नाही" ही नदीकाठची सगळ्यात महागात पडलेली समजूत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी ज्यांना ज्यांना भेटले, त्यांतल्या कितीतरी जणांनी एकच वाक्य सांगितलं: "२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येणार नाही असं वाटलं." त्या वर्षी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर होती, तिथे धोका पातळी ४५ फूट. पायरीचा हिशोब मांडून थांबलेल्या माणसांना मग रात्री माळवदावर चढून हाका मारायची वेळ आली. त्यांना आशा होती, पण ती मागच्या पुराच्या खुणेवर उभी होती.

आपत्तीत सापडलेल्या माणसांना नेमकं काय उपयोगी पडतं, याचा आढावा स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडला. आमच्या कामात तो अजूनही पाया मानला जातो. त्यात पाच गोष्टी आहेत: सुरक्षितता, शांतपणा, आपल्या हातून काही होऊ शकतं हा विश्वास, माणसांशी जोडलेलं असणं, आणि आशा. पूरग्रस्तांबरोबर काम करताना मला हे असं दिसलं आहे की पहिल्या चार गोष्टी हाताशी असल्या की आशा मागोमाग येते, आणि त्या नसताना नुसती आशा सांगितली तर ती टिकत नाही. म्हणून मी तुम्हाला मन आवरायला सांगण्याआधी घरातले निर्णय आवरायला सांगणार आहे.

पुरात माणसाची सगळ्यात जास्त शक्ती कशात जाते? निघायचं की थांबायचं, या एका वादात. दर तासाला तोच वाद. पाणी वाढलं की निघू म्हणायचं, जरा थांबलं की राहू म्हणायचं. रात्र पडते, रस्ता जातो आणि निर्णय आपल्या हातून निघून जातो. भीतीने हातपाय गळतात ते बहुतेक या घोळामुळे. निर्णय आधीच झालेला असेल तर घाबरलेला माणूसही तो पार पाडू शकतो. हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. थरथरत्या हातांनीही म्हशीचं दावं सोडता येतं. त्या क्षणी "सोडायचं का?" हा प्रश्न मात्र शिल्लक नसावा.

तर मे-जूनमध्ये, ऊन असताना, सगळं घर एकत्र बसवा आणि आकडे ठरवा. तुमच्या तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा एवढ्या नद्या आहेत, त्यामुळे प्रत्येक गावाचा आकडा वेगळा. तो तुम्हालाच काढावा लागेल. २०१९ आणि २०२१ ला तुमच्या गावातून बाहेर जाणारा रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होते? नृसिंहवाडीला पाणी कुठवर होतं? पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी किंवा गावातली एखादी नोंद ठेवणारी व्यक्ती, यांच्याकडून हे नक्की मिळतं. माझा आग्रह रस्त्यासाठी आहे, उंबऱ्यासाठी नाही. लोक घरात पाणी येण्याची वाट पाहतात, आणि घराच्या आधी रस्ता बंद होतो. उंबरा कोरडा असतो, पण गाव बेट झालेलं असतं. मग नावेशिवाय मार्ग नाही. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि त्यात बायका, मुलं, वयस्क माणसं गेली. त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. वेढा पडल्यानंतर उरणारे सगळे पर्याय धोक्याचेच असतात. वेढा पडण्याआधी चालत किंवा ट्रॅक्टरने निघालेल्या माणसाला त्यांतला एकही घ्यावा लागत नाही.

तुमच्या बाजूला निसर्गाने एक सवलत ठेवली आहे, ती वापरा. कोल्हापुरात पाणी चढतं आणि ते खाली शिरोळकडे येतं त्याला वेळ लागतो. राजाराम बंधारा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडतो, ती बातमी तुमच्यासाठी हातातला वेळ आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. शिरोळचा भाग सखल आणि सपाट. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं. कोल्हापूर कोरडं झालं तरी तुमच्याकडे पाणी दिवसेंदिवस हलत नाही. म्हणून निघताना "दोन दिवसांत परत येऊ" असं मुलीला सांगू नका, आणि औषधं आठवडा-दोन आठवडे पुरतील एवढी घ्या.

ठरवलेलं कागदावर लिहा आणि कॅलेंडरशेजारी भिंतीवर चिकटवा. ठळक तीनच ओळी पुरेत. अमुक आकड्याला म्हशी पाहुण्यांच्या गावी. अमुक आकड्याला सासूबाई आणि मुलगी. अमुक आकड्याला आपण दोघं, घराला कुलूप. त्याखाली एक नियम: अंधारात पाणी ओलांडायचं नाही. संध्याकाळी आकडा चढता असेल तर रात्रीची वाट न पाहता उजेडात निघायचं.

म्हशींना मी पहिल्या ओळीत ठेवलं, ते उगाच नाही. शहरातल्या लोकांना वाटतं माणसं घरासाठी थांबतात. आपल्याकडे माणसं जनावरांसाठी थांबतात. दुभती म्हैस सोडून जा म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं कुणीही ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्याचं मला पूर्ण पटतं. घराचा आठवड्याचा बाजार तिच्यावर चालतो. जनावरं आधी, लवकर, वर उंचावरच्या पै-पाहुण्यांकडे पोचली की घरातला कर्ता पुरुष निघायला तयार होतो. त्यासाठी आजच त्या पाहुण्यांशी बोला, वैरणीचं काय करायचं ते ठरवा, टेम्पोवाल्याचा नंबर घ्या. आणि काही कारणाने ते जमलंच नाही, तर शेवटच्या क्षणी दावी कापून जनावरं मोकळी करायची, बांधलेली ठेवायची नाहीत, हेही आधीच बोलून ठेवा.

सासूबाईंबद्दल. "आई हट्टी आहेत" असं म्हणून त्यांच्यावर आवाज चढवला तर त्या आणखी घट्ट बसतात. म्हाताऱ्या माणसाला निवारा केंद्रात जायची लाज वाटते, रात्री शौचाला कुठे जायचं याची धास्ती असते, आणि देव्हारा मागे सोडून निघणं म्हणजे घर मोडल्यासारखं वाटतं. हे त्या बोलून दाखवत नाहीत, फक्त "मी येत नाही" म्हणतात. विचारा: "तिकडे गेल्यावर तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मग त्यांच्याकडे काम सोपवा. देव आणि टाक त्यांनी स्वतः बांधून घ्यायचे, नातीचा हात त्यांनी धरायचा. ओढून नेलेली बाई आणि नातीला घेऊन निघालेली बाई यांत फार फरक असतो. तुमच्या भागात नृसिंहवाडीला पाणी पादुकांपर्यंत चढलं की दक्षिणद्वाराचा सोहळा म्हणून लोक स्नानाला जातात. नदीशी एवढं जुनं नातं असलेल्या बाईला नदी वैरी झाली असं सांगून पटणार नाही. तिच्यासमोर नदीला बोल लावू नका. "कृष्णामाई मोठी झाली आहे, आपण बाजूला होऊ" हे तिला समजतं.

आता प्रत्यक्ष त्या रात्रीकडे येऊ. हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, डोकं रिकामं होतं. शरीर पळायच्या तयारीला लागल्याची ही खूण. श्वास सावकाश घ्या आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडा. फुंकर घालतो तसा, ओठांतून. मिनिटाला सहा श्वास होतील इतका संथ. दोन-तीन मिनिटांत नाडी खाली यायला लागते. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, हा शरीराचा नेम आहे आणि त्याला तुमचा विश्वास लागत नाही. मग हातातलं काम मोठ्याने बोलून करा. "मेन स्विच बंद केला. गॅस बंद केला. कागदांची पिशवी घेतली." ऐकायला वेडगळ वाटेल, पण घाबरलेल्या डोक्याला एका वेळी एकच वाक्य पेलतं, आणि घरातल्या इतरांनाही कळतं की कुणीतरी कामाला लागलं आहे. ते ऐकून मूल शांत होतं.

रात्रभर दर पंधरा मिनिटांनी उठून पाणी बघायची सवय मात्र मोडा. पाण्याच्या कडेला काठी रोवून खूण करा, आणि मालकांशी पाळ्या ठरवा. एकाने बघायचं, दुसऱ्याने खरंच झोपायचं. दोघं जागली तर सकाळी दोघंही निर्णय घ्यायच्या लायकीची राहत नाहीत.

मोबाईलचं काय करायचं ते सांगते, कारण पुरात आता पाण्याइतकीच माणसं मोबाईलने हैराण होतात. "राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला" अशी बातमी येते आणि गावभर घबराट पसरते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. एका दरवाजातून सुमारे १४०० क्युसेक पाणी सुटतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. याच्या तुलनेत बघा, २०१९ च्या पुरात खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं जात होतं. दरवाजा उघडणं ही दखल घ्यायची गोष्ट आहे, पण एका दरवाजाने गाव बुडत नाही. आकडा समजला की भीतीला आकार येतो आणि आपल्या भिंतीवरच्या कागदाशी तो ताडून बघता येतो. दिवसातून तीन-चार ठरावीक वेळा अधिकृत पातळी बघा आणि मधल्या वेळात ग्रुप बंद ठेवा. "धरण फुटलं" असा निरोप आला तर पुढे पाठवू नका. १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला विचारा. पानशेत १९६१ साली फुटलं होतं, ती आठवण महाराष्ट्राच्या मनात अजून ओली आहे, म्हणून ही अफवा लगेच पेट घेते. अलमट्टीच्या उंचीचा वाद महत्त्वाचा आहे आणि तो जरूर घाला, पण पाणी दारात असताना नको.

निवारा केंद्रात पहिले दोन दिवस माणसं चांगली असतात. वाचल्याचा आनंद असतो, मदतीचे ट्रक येतात. खरा कस नंतर लागतो. हाताला काम नाही, रांगेत उभं राहून जेवण घ्यावं लागतं, आणि स्वतःच्या शेतात दहा माणसांना जेवू घालणाऱ्या माणसाला ती रांग सोसत नाही. पुरुष कोपरा धरतात, भांडणं सुरू होतात. त्यावर मला एकच इलाज लागू पडताना दिसला: काम वाटून घेणं. स्वयंपाकाला हात लावणं, म्हाताऱ्यांची औषधं कुणाला काय याची यादी, मुलांना सकाळी दोन तास एकत्र बसवून अभ्यास. तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी एखादं काम मागून घ्या, आणि मालकांनाही मिळवून द्या. आयतं घेणाऱ्याच्या जागेवरून माणूस करणाऱ्याच्या जागेवर आला की त्याचा चेहरा बदलतो.

चौथीतल्या मुलीला खरं सांगा, थोडक्यात सांगा. "पाणी आलं आहे. आपण सगळे बाहेर आलो. म्हशी मामाकडे आहेत. घर ओलं होईल, आपण साफ करू." पाणी येणारच नाही असं वचन देऊ नका, आलं तर तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर ती विसंबणार नाही. ती रात्री अंथरूण ओलं करू लागली, तुम्हाला चिकटून राहू लागली, पुराचाच खेळ पुन्हापुन्हा खेळू लागली, तर काही आठवडे तसं चालू द्या. झोपायची वेळ, वेणी घालायची वेळ, तेवढी रोजची ठेवा.

आणि कुणी मदतीच्या भावनेने येऊन "काय काय झालं ते सगळं सांगा, मन मोकळं करा" असं खोदू लागलं तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पहिल्या दिवसांत जबरदस्तीने सगळं बोलायला लावल्याने फायदा होत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. तिच्या मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र साधं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलावंसं वाटलं तर बोला. नाही वाटलं तर शेजारी कुणी नुसतं बसलं तरी पुरतं.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो. पाणी ओसरल्यावरचे आठवडे. ट्रक बंद झालेले असतात, बातम्या दुसरीकडे गेलेल्या असतात, आणि समोर घोट्याएवढा चिखल, कुजलेल्या धान्याचा वास, पंचनाम्याची वाट. ऊस दिवसचे दिवस पाण्यात उभा राहून पोंग्यात पाणी गेल्याने मेलेला, सोसायटीचं कर्ज मात्र जागेवर. अशा घरात एकट्याने पहिलं पाऊल टाकू नका. दोघं-तिघं जा, विजेचं कनेक्शन तपासल्याशिवाय काही लावू नका, काठीने आपटत चला, कारण अडगळीत साप असतात. साफसफाईआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि नुकसानीचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. मग सगळं घर एकदम काढायला जाऊ नका. चूल किंवा गॅस ठेवायची जागा आधी स्वच्छ करा, चहा होईल एवढी. ज्या घरांत पहिल्या दिवशी चहा झाला, तिथली माणसं दुसऱ्या दिवशी कामाला उठली. ज्यांनी चारही खोल्या एकदम उपसायला घेतल्या, ती माझ्या डोळ्यांदेखत चिखलात बसून राहिली.

याच काळात घरातल्या पुरुषांवर लक्ष ठेवा. बोलणं बंद होणं, जेवण टाकणं, पिणं वाढणं, "माझ्या मागे तुम्हाला सरकारचं काहीतरी मिळेल" असलं वाक्य, अचानक कागदपत्रं नीट लावून ठेवणं. असं दिसलं तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस रडतो आणि सांगतो. कीटकनाशकाची बाटली घरातून हलवा, कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्या; ती वाईट घटका टळली की पुष्कळ माणसं मागे फिरतात. त्यांना एकटं सोडू नका, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

तुमच्या स्वतःच्या झोपेचंही सांगते. पाऊस पडला की जाग येणं एवढंच असेल, तर भिंतीवरचा कागद आणि ते संथ श्वास यांनी बरंच हलकं होईल. पण पूर नसतानाही महिनाभराहून जास्त काळ झोप लागत नसेल, तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, नदीच्या रस्त्याने जायचं टाळून बाजार, शाळा सुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यावर चांगले उपचार आहेत, आणि ते आयुष्यभर घ्यावे लागतात असं नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, गाव सोडायचं का. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी बाहेरून हो किंवा नाही म्हणणार नाही. फक्त वेळ सांगते. पाणी घरात असताना आणि ओसरल्यानंतरचे पहिले काही महिने हा निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत घाबरून मातीमोल भावाने जागा विकलेली घरं मी पाहिली आहेत. दिवाळी होऊ द्या, उसाला तोड लागू द्या. मग सासूबाईंसकट सगळे बसा आणि हिशोब मांडा: गावठाणाच्या उंच भागात जागा मिळते का, तिथून शेत किती लांब पडतं, म्हशींची सोय काय, मुलीची शाळा कुठली, पुनर्वसनाची जागा असेल तर तिचे कागद कोणाच्या नावे होणार. पूर्ण गाव सोडणं आणि फक्त राहतं घर वर नेऊन शेती खाली ठेवणं, हे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि दुसरा पर्याय बहुतेक घरांत कुणी मांडतच नाही. तो मांडा.